ताईची गाडी मिसिंग मारते

या, असे जरा पुढे सरका. मागं बसलात तर निम्मी गोष्ट वाऱ्यावर जाईल, आणि मग मध्येच विचाराल, कोण ताई, कोण दाजी. आज एका गाडीची गोष्ट सांगतो. आपण सगळं घरदार कोंबून जातो तसली गाडी नव्हे. दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, लाल, आणि वयानं आपल्यातल्या बऱ्याच जणांहून मोठी. देवानं जीव लावायला माणसं दिली, तरी एखाद्याचा जीव लोखंडात अडकतो. त्याचाच खेळ तो, आपण काय बोलणार?

गाडी ताईची. ताईचा धाकटा भाऊ मेकॅनिक. त्याला सगळी गल्ली ‘धाकटा’च म्हणे. त्यानंच ती गाडी भंगारातून उचलून उभी केली होती आणि ताईला त्याच गाडीवर चालवायला शिकवलं होतं. ताईचा नवरा, म्हणजे धाकट्याचे दाजी, सुतार. ताईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की त्यानंतर ही गाडी विसरा; इतकं खाली बसणं नाही, आणि तो दगडासारखा क्लच दाबणं तर नाहीच नाही. ताईनं तिथं मान डोलावली आणि घरी येऊन भावाला म्हणाली, “त्याआधी एकदा घाट चढून खिंडीपर्यंत जाऊन येणार. मी चालवणार. तेवढी गाडी नीट करून दे.”

तेवढी! तेवढीच तर होत नव्हती.

गाडी मिसिंग मारत होती. चार जणांनी भजन धरावं आणि एकाचा टाळ राहून राहून चुकावा, तसं ते इंजिन. उभ्या जागी फुरफुरायचं, आणि चढ लागला की धक्के द्यायचं. धाकट्यानं पहिल्याच दिवशी पाहिलं, तर ठिणगी पाडणारे पॉइंट घासून गेलेले. ते बदलले. हात लागलाच आहे तर डिस्ट्रिब्युटरची टोपीही नवी बसवली. ती काळी टोपी, जिच्यातून चार वायरी निघून चार प्लगांना ठिणगी पोचवतात. गाडी अशी पळाली, की धाकट्यानं आभाळाकडं बघून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. फट्. फट्फट्.

प्लग बदलले. फट्. कॉइल बदलली. फट्. वायरी बदलल्या, कार्बोरेटर उघडून धुतला, पेट्रोल गाळून भरलं. फट्फट्. धाकट्याला जेवण गोड लागेना. कुणी “काय, झाली का?” विचारलं, की तो पान्याकडं बघायचा आणि विचारणारा वाट धरायचा.

“अरे, नीट बोललास का तिच्याशी?” ताई खुर्चीत पाय लांब करून विचारी.

“ताई, गाडी आहे ती. रुसलेली सून नाही.”

“मग चिडतोस कशाला तिच्यावर?”

दाजी दारातून डोकावायचे, “मेव्हणे, काही मदत?” म्हणायचे आणि उत्तराची वाट न बघता जायचे. टोपीचा मात्र धाकट्याला संशयच आला नाही. नवीकोरी वस्तू, स्वतः बसवलेली. तिच्याकडं काय बघायचं? असा आपला अहंकार आपल्याच डोळ्यांवर हात ठेवतो.

शनिवारी मात्र सगळं बदलून झालं होतं. बदलायचा राहिला होता फक्त मेकॅनिक. तेव्हा कुठं त्यानं वैतागून टोपीच्या क्लिपा काढल्या, ती उलटी केली आणि उजेडात धरली.

आत सुबक, ठसठशीत आकडे. एक, तीन, चार, दोन. एकापासून तीनपर्यंत रेघ, तीनपासून चारपर्यंत रेघ. एक रेघ तर जळून कोळसा झालेली. आणि ते अक्षर धाकट्यानं घरातल्या प्रत्येक कपाटाच्या पाठीवर पाहिलेलं होतं.

“दाजीऽऽ!”

दाजी रंधा हातात घेऊनच आले.

“हे काय आहे?”

“नंबर,” दाजी शांतपणे म्हणाले. “मागं तुम्ही एकदा वायरी उलट्या लावल्या होत्यात. सायलेन्सर असा फुटला की शेजारची आजी मटकन खाली बसली. नवी टोपी कोरी दिसली, म्हटलं पुन्हा घोळ नको.”

“पण आतून?”

“बाहेरून लिहिलं होतं. तुमच्या ताईनं पुसून चकचकीत केलं.”

“डाग दिसला, पुसला,” ताई म्हणाली. “मला काय ठाऊक?”

“आणि ह्या रेघा?”

“क्रम कळावा म्हणून. पुसट झाल्या की संध्याकाळी गिरवतो.”

“गिरवता!” धाकट्यानं कपाळावर हात मारला, कपाळ काळं झालं. “अहो दाजी, पेन्सिलीच्या शिसातून वीज जाते! ठिणगी प्लगात जायची सोडून तुमच्या रेघेवरून फेरफटका मारतेय!”

“लाकडात नाही तसं होत,” दाजी म्हणाले.

ताई पदर तोंडाला लावून हसत सुटली. धाकटा आणखी चार शब्द सुनावणार होता. पण दाजींचा चेहरा एकदम उतरला. “म्हणजे हिचं जाणं माझ्यापायी अडलं?” ते हळूच म्हणाले. “मी तर ते अडू नये म्हणूनच...”

धाकट्यानं हातातली टोपी बाजूला ठेवली.

“जुनी टोपी त्या पत्र्याच्या डब्यात आहे,” तो म्हणाला. “द्या इकडं. तिला काहीच झालं नव्हतं.”

टोपी बसली. किल्ली फिरली. चारही सिलिंडर एका सुरात लागले. गल्लीच्या चढावर दोनदा नेऊन आणली, एकही ठोका चुकला नाही.

ताई गाडीत बसली. म्हणजे एकानं पाय धरला, दुसऱ्यानं पाठ. मग सगळ्यांची नजर उरलेल्या एका सीटकडं गेली.

“मेव्हण्यांनी बसावं,” दाजी म्हणाले. “मी कुठल्या तोंडानं बसू?”

आठवडाभर धाकटा त्याच सीटवर मनानं बसला होता. ताई घाटात गिअर टाकतेय आणि आपण शेजारी कान देऊन आहोत, असं. त्यानं एकदा ताईकडं पाहिलं. ती दाजींच्या अंगावरचा भुसा बघत होती.

“बसा दाजी,” त्यानं दार उघडलं. “पण आधी कानावरची पेन्सिल काढा. आणि बॉनेटला हात लावलात तर चालत परत या.”

गाडी वळणाआड गेली. धाकटा फाटकाशी उभा राहून ऐकत राहिला. आवाज चढाला लागला, गिअर बदलला, पुन्हा चढू लागला, तुटला मात्र नाही.

ताईसाठी तुम्ही सोमवारी देवाला सांगालच, ते काही मी सांगायला नको. पण हात जोडाल तेव्हा फाटकाशी काळ्या कपाळानं उभ्या असलेल्या त्या माणसाचीही आठवण ठेवा.