पडद्यामागच्या तीन बायका

आत्या पडदे शिवायची. दुकानाच्या वेबसाइटसाठी तिला दिवाणखान्यातल्या नव्या पडद्याचा फोटो हवा होता. पण खिडकीबाहेरचं नीट आलं की पडदा काळाठिक्कर, आणि पडद्यावरची नक्षी उमटली की खिडकी पांढरीफटक! भाची दुपारभर खटपट करत होती.

"तीन काढते," शेवटी ती म्हणाली. "एक अंधारा, एक मधला, एक उजळ. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकात मिसळायचे. पण कोणी हलायचं नाही हं!"

सोफ्यावर आतोबा श्वास रोखून बसले. खटक, खटक, खटक.

फोटो मिसळले न मिसळले तोच आत्याने माऊस पळवला आणि रंगांची पट्टी पार टोकापर्यंत ओढली. भिंत जांभळी झाली, आतोबा लखलखीत तांब्याचे.

"मी जिवंत आहे ना?" आतोबांनी विचारलं. आत्या हसून हसून खुर्चीवरून घसरली.

भाचीने पट्टी हळूच मागे आणली. आणि काय सांगावं! पडद्यावरचं पान न् पान दिसत होतं, आणि पडद्याच्या फटीतून समोरची इमारत, अगदी विटांसकट.

"अगं, त्या खिडकीत तीन बायका कोण?" आत्या म्हणाली.

भाचीने चित्र मोठं केलं आणि तिची बोबडीच वळली. तिन्ही एकच होत्या. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका! ज्यांच्या चपलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या बाई फरशी पुसायचा दांडा घेऊन नाचत होत्या. एका फोटोत दांडा माईक झालेला, दुसऱ्यात गिरकी, तिसऱ्यात एक पाय थेट हवेत.

"हा पुसून टाकते," भाची कुजबुजली.

"खबरदार!" म्हणत आत्याने खिडकी उघडून हाकच मारली. "बाई, जरा येता का इकडे?"

बाई आल्या, चष्मा लावून वाकल्या.

"गिरकीत खांदा पडलाय माझा," त्या गंभीरपणे म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आवरेना.

"तुम्हाला पडदे शिवून देऊ का?" आत्याने डोळे पुसत विचारलं.

"आता कशाला? पाहिलंत ना सगळं!" बाईंनी पदर खोचला. "सोफा सरकवा बघू. आणि तू गं, कॅमेरा लाव. या खेपेला सगळ्यांनी हलायचं."

आतोबा सगळ्यात आधी उठले.