तिसरी शिट्टी

माघार म्हणजे पळणं, असं ज्याला वाटतं त्यानं गोळीबारात कधी पाठ फिरवलेली नसते. पुढे जाताना माणूस रागाच्या भरात चार पावलं जास्तच टाकतो. मागे येताना एकेक पाऊल शिकवावं लागतं. निम्म्यांनी गोळ्या झाडायच्या, निम्म्यांनी पन्नास पावलं मागे धावून आडवं व्हायचं. मग यांनी झाडायच्या, त्यांनी यायचं. सगळे एकदम उठले की संपलंच. पंधरा वर्षं मी हे प्रशिक्षण केंद्रात घसा फोडून शिकवलं, आणि शेवटी दरवेळी एकच बजावलं, गोळा झालात की माणसं नावानं मोजा. खांदे चाचपून नाही. नाव घ्या, आणि त्यानं ओ दिली तरच तो आला असं समजा. का, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

काल ते विचारायला लंबूची मुलगी घरी आली.

लंबू माझ्या दहा जणांच्या तुकडीतला. तो गेला तेव्हा ही आईच्या कडेवर होती. आता स्वतःच फौजेत, नुकतंच प्रशिक्षण आटोपून आलेली. दारातून आत येताना ती बापासारखीच वाकली.

आमच्या हिनं चहा आणून ठेवला. "तिला आधी दोन घोट घेऊ द्या, मग लावा तुमची टकळी," असं मला ऐकवून ती आत गेली.

"काका," मुलगी म्हणाली, "आमच्या उस्तादांना विचारलं, नावानंच का मोजायचं. ते म्हणाले, आम्हाला तुम्ही शिकवलंत, आणि कारण विचारलं की अंगावर यायचात."

"मग तूही तेवढ्यावरच भागव."

"नाही भागत. बाबांच्या मृत्यूच्या कागदावर लिहिलंय की ते स्वतःहून मागे थांबले. खाली सही तुमची आहे. खरं आहे का ते?"

बावीस वर्षं हा प्रश्न चुकवत आलो होतो. तिच्या आईला तर मी रस्त्यात बघितलं तरी गल्ली बदलायचो. वाटलं, हो म्हणावं आणि सुटावं. पण ही पोरगी उद्या दहा माणसं घेऊन कुठंतरी जाणार होती. खोटं सांगणं म्हणजे माझी चूक तिच्या पदरात बांधून पाठवणं झालं असतं.

"स्वतःहून नाही," मी म्हणालो. "मी थांबवलं होतं."

मग सांगितलं सगळं. डावीकडे एका पंपघराची भिंत होती. बाकीचे मागे निघेपर्यंत ती बाजू धरायला मी लंबूला तिच्याआड बसवलं. तिसरी शिट्टी वाजल्याशिवाय हलायचं नाही, असं दोनदा बजावलं. ती शिट्टी फक्त त्याच्यासाठी होती. पहिल्या दोन शिट्ट्यांवर आमचे दोन गट आळीपाळीनं मागे आले आणि कालव्याच्या बांधामागे गोळा झाले. भर दुपार होती, पण गवत पेटलं होतं, धुरात शेजारचा माणूस दिसेना. मी वाकून खांदे चाचपले. नऊ भरले, मी दहावा. लंबूचा खांदा एरवी हात उंच केल्याशिवाय लागायचा नाही, पण खाली बसल्यावर सगळे सारखेच. मला वाटलं, तोही गटाबरोबर निसटून आला. मग शिट्टी वाजवून आपला ठावठिकाणा कशाला सांगा? आम्ही निघालो.

दोनशे पावलांवर धूर विरळ झाला. एक जण म्हणाला, "दादा, आमची तुकडी कुठं गेली?" शेजारच्या तुकडीतला होता तो, गोंधळात आमच्यात मिसळलेला.

तेवढ्यात मागे पंपघराकडून एक गोळी वाजली. थोड्या वेळानं आणखी एक. घाई न करता, मधे अंतर ठेवून, मीच शिकवलं होतं तशी.

"मग?" मुलगी म्हणाली.

"मग शिट्टी तोंडापर्यंत नेली. त्याला ऐकू गेलीही असती. पण आम्ही उघड्यावर होतो आणि नऊ जण माझ्याकडे बघत होते. वाजवली असती तर सगळा मारा त्यांच्यावर आला असता. मी ती खिशात टाकली आणि त्याच्या गोळ्या मोजत चालत राहिलो. अकरा झाल्या. पुढे काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो त्याच भिंतीआड सापडला. जागचा हललासुद्धा नव्हता."

चहावर साय धरली होती, ती तिनं चमच्यानं बाजूला केली.

"मोजण्यातली चूक एक वेळ सोडून दे," मी म्हणालो. "धूर होता. पण शिट्टी खिशात टाकली ती मी, समजून उमजून. आता गप्प बसू नकोस, चार शिव्या घाल. त्यानंही घातल्याच असतील, हरामखोर मला सोडून गेले म्हणून."

"नसतील घातल्या," ती म्हणाली. "शिट्टीच वाजली नाही ना, काका. त्यांना वाटलं असेल, तुम्ही सगळे अजून तिथंच आहात. तुम्हाला निघायला वेळ मिळावा म्हणून झाडत राहिले असतील."

तिनं गार चहा संपवला. आईला मी सांगेन, तुम्ही नका येऊ, असं म्हणाली आणि दारात वाकून निघून गेली.

बावीस वर्षं मी रोज लंबूच्या शिव्या ऐकत होतो. ऐकून ऐकून त्यांची सवय झाली होती. त्या शिव्याच परवडल्या असत्या.