ऑर्व्हलचा मासा

ऑर्व्हल गेला जानेवारीत, पण त्याला पुरायचं ठरलं मे महिन्यात. मिनेसोटाच्या त्या टोकाला हिवाळ्यात जमीन अशी गोठते की कुदळ वाकेल, पण खड्डा होणार नाही. तोवर पेटी दफनभूमीतल्या दगडी खोलीत. आर्डिसनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की नवऱ्यानं हातानं कोरलेला लाकडी मासा पेटीवर त्याच्यासोबत खाली जावा. तळ्याच्या बर्फाला भोक पाडून ऑर्व्हल तोच मासा दोरीवर नाचवायचा. मोठा मासा भुलून जवळ आला, की भाला.

शनिवारी पुरायचं आणि गुरुवारी मासा ठेवायच्या फळीवर नुसती दोरी.

शहरातून आलेल्या लेकाला, डेलला विचारलं, तर तो कौतुकानं सांगायला लागला. त्याला एका खेळाचा नाद होता. रानात कुणीतरी डबा लपवायचा, ठिकाण फोनवर द्यायचं, बाकीच्यांनी शोधत फिरायचं. डब्यात नंबराचा बिल्ला लावलेली वस्तू मिळाली, तर ती उचलून पुढच्या कुठल्यातरी डब्यात टाकायची; ठेवून घ्यायची नाही. ईस्टरला आला तेव्हा डेलनं माशाच्या पोटात खिळा ठोकून बिल्ला अडकवला होता आणि मासा तळ्याकाठच्या डब्यात ठेवला होता.

"बाबा कधी जिल्ह्याबाहेर गेले नाहीत," तो म्हणाला. "म्हटलं, त्यांचा मासा तरी जग बघेल."

आर्डिसनं बूट चढवले. पायवाट जेमतेम मैलभराची, पण डेल दर वळणावर थांबून फोनात बघायचा.

"तळं उजव्या हाताला आहे," ती म्हणाली. "सांग तुझ्या फोनला."

बर्चच्या झाडाच्या मुळाखाली पत्र्याचा डबा निघाला. आत प्लास्टिकचा बेडूक, दोन गोट्या, तुटकी पेन्सिल. मासा नव्हता. डेलनं बिल्ल्याचा नंबर फोनवर शोधला आणि त्याचा चेहरा उजळला. मासा ॲरिझोनात पोचला होता. फोटोत तो निवडुंगाच्या बुडाशी तापल्या वाळूवर पडला होता.

आईकडे बघितल्यावर त्याचं हसू मावळलं. त्या लोकांना कळवतो म्हणाला, पाठवतील ते. शनिवारपर्यंत मात्र कठीण. "खेळाचा नियमच तसा आहे, आई."

"तुझा बाप कुठं गेला नाही, कारण त्याला जायचं नव्हतं," आर्डिस म्हणाली. "जायचं तुला होतं. तू गेलास. आम्ही तुझ्या पोटात खिळा ठोकला नाही."

परतताना ती पुढं चालली.

शनिवारी तिनं पेटीवर नुसती दोरी ठेवली, गुंडाळी करून. मग रिवाजाप्रमाणे आलेल्यांसाठी चर्चच्या तळघरात हॅमचे पाव, केक, कॉफी. डेल कोपऱ्यातल्या टेबलावर ॲरिझोनाचा फोटो दाखवत होता आणि बायका म्हणत होत्या, किती छान कल्पना. आर्डिस किटली घेऊन फिरली. ज्यांची तोंडं तिला वर्षानुवर्षं बघवत नव्हती, त्यांचेही कप तिनं काठोकाठ भरले. डेलनं कप पुढं केला. ती त्याच्या पलीकडच्या माणसाकडं वळली.