छातीवर चिकटलेली तारीख

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा असतो आणि जयंतीला हार घालून घेतो, तसला नव्हे. शिवलेला कपडा अंगावर कसा बसतो हे पाहण्यासाठी शिंपी वापरतात, तो. मला डोके नाही, हात नाहीत. मानेपासून कमरेपर्यंतचे अंग आणि खाली एक लोखंडी दांडा, एवढाच मी मूळचा. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल याची खात्री नाही. पण माझ्या छातीवर एक कागद चिकटला आहे, त्यावर एक तारीख आहे, आणि तिच्याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही.

तोक्योतल्या एका लहानशा कारखान्यात मी घडलो. एका म्हाताऱ्या कारागिराने कागदाचे थर एकावर एक चिकटवून माझे अंग तयार केले, वर जाड सुती कापड ताणून बसवले आणि खांद्यावर हलकी थाप मारली. पुढे अकरा वर्षे मी शिवणकामाच्या शाळेत होतो. ती बंद पडल्यावर जवळच्या उरायासु गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात धूळ खात पडलो. तिथे मला सिंधूताईंनी पाहिले.

सिंधूताई पुण्याच्या. त्यांचे यजमान सुरेशराव सॉफ्टवेअरच्या कामासाठी जपानला आले आणि तोक्योच्या निशी-कसाई भागात राहिले. सिंधूताई तिथल्या भारतीय बायकांचे ब्लाउज शिवत. मला आगगाडीतून घरी नेताना सगळा डबा बघू लागला, तेव्हा सुरेशरावांनी लाजून स्वतःचे जाकीट मला घातले. त्या घरातला माझा तो पहिला कपडा.

त्यांची मुलगी कस्तुरी तेव्हा नऊ वर्षांची होती. आई मराठीत रागवायची, ती जपानीत उत्तर द्यायची. पण माझ्यापाशी आली की गप्प होई. मोडक्या छत्र्यांचे कापड गोळा करून तिने माझ्यावर एक झगा बेतला. टाचण्या लावताना ती मला "गोमेन, गोमेन" म्हणे, म्हणजे "चुकले हं". मित्रांनो, टाचणी टोचल्याबद्दल माझी माफी मागणारी ती एकटीच.

कस्तुरी मोठी झाली आणि पोशाखकलेचे शिक्षण घ्यायला अमेरिकेला निघाली. त्या दिवशी घरात फार वाईट भांडण झाले.

"मी लोकांचे ब्लाउज शिवले ते तुला शिवावे लागू नयेत म्हणून," सिंधूताई म्हणाल्या. "आणि तू पुन्हा सुईच धरणार?"

"मला आवडतं, आई."

"जा मग. शिव. मला मात्र सांगत बसू नकोस काय काय शिवलंस ते."

कस्तुरीने हे शब्द फार मनावर घेतले. पुढची तीन वर्षे तिचे निरोप फक्त बाबांच्या फोनवर येत.

यंदाच्या उन्हाळ्यात असाच एक निरोप आला. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या मालिकांना आणि कलाकारांना दरवर्षी एमी नावाचे पुरस्कार देतात. कस्तुरी ज्या मालिकेचे पोशाख करत होती, ती पोशाखांच्या पुरस्कारासाठी अंतिम यादीत आली होती आणि चमूतल्या पाच नावांत तिचे नाव होते. सुरेशरावांनी निरोप वाचून दाखवला. सिंधूताईंनी ओल्या फडक्याने माझे खांदे पुसले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

शेजारच्या स्नेहलतावहिनी साडीला फॉल लावून घ्यायला आल्या. "काय हो, अमेरिकेत ब्लाउजलाही बक्षीस देतात वाटतं?"

"देत असतील," सिंधूताई म्हणाल्या. "तुमच्या मापाचा शिवणाऱ्याला तर द्यायलाच हवं."

मला तोंड असते तर मी मोठ्याने हसलो असतो.

समारंभ तिकडच्या रविवारी संध्याकाळी, म्हणजे आमच्याकडे सोमवारी सकाळी होता. जपानमध्ये त्या दिवशी ज्येष्ठांच्या सन्मानाची सुट्टी होती. सिंधूताई पैठणी नेसून टीव्हीसमोर बसल्या. मलाही त्यांनी तिकडे तोंड करून ठेवले. म्हणजे तोंड असते तर ते तिकडे झाले असते. पडद्यावर एक सोनेरी बाई होती. तिला पंख होते, हात होते आणि हातांत एक गोल होता. ती एकेकाच्या स्वाधीन होत होती. नट झाले, नट्या झाल्या, लेखक झाले, दिग्दर्शक झाले. तीन तास गेले. पोशाखांचा पुरस्कार आलाच नाही.

"जाहिराती चालू असताना दिला असेल," सुरेशराव पुटपुटले.

"अहो, पाच जणांची नावं आधी वाचतात ना? हरणाऱ्यांचीही वाचतात. इथे कपड्यांचं नावच नाही." सिंधूताई बराच वेळ पदराची गाठ सोडत आणि बांधत राहिल्या. "असं काही नव्हतंच. मला बरं वाटावं म्हणून पोर खोटं बोलली. इतकं घाबरवलं मी तिला."

"मी शोधून बघू?"

"नको! खोटं निघालं तर?"

सुरेशरावांनी फोन खाली ठेवला. सगळी उत्तरे फोनमध्ये असतात, पण तो उचलायला धीर लागतो. तो त्या घरात कोणाकडेच नव्हता. कस्तुरीचाही निरोप आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सिंधूताईंनी शिवायला आलेले कापड परत केले. मग एके दिवशी माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "हा समोर असला की मला श्वास घेता येत नाही. टाकून द्या याला."

जपानमध्ये मोठी वस्तू अशीच टाकता येत नाही. आधी पालिकेला फोन करून तारीख घ्यायची, कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठी आणायची, तिच्यावर तारीख आणि नाव लिहून ती वस्तूवर चिकटवायची आणि त्या दिवशी सकाळी आठच्या आत खाली नेऊन ठेवायची. सिंधूताईंनी चिठ्ठी माझ्या छातीवर चिकटवली. जिथे कस्तुरी पहिली टाचणी लावायची, नेमकी तिथे. मी मनात ओरडत होतो, "अहो, तिला एकदा विचारा तरी!" पण बिनतोंडाच्याचे कोण ऐकणार?

ती सकाळ उजाडली. सुरेशरावांनी मला खाली आणले आणि एका मोडक्या खुर्चीशेजारी उभे केले. ते जाईनात. त्यांनी फोन काढला, माझा फोटो घेतला, काहीतरी लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. शेवटी स्वतःशीच वाचल्यासारखे म्हणाले, "आई आज हा टाकते आहे." आणि डोळे मिटून बोट दाबले.

मिनिटभरात फोन वाजला. "आईशी बोल, आईशी," म्हणत ते जिन्याकडे धावले. आमची खिडकी बरोबर माझ्या वर होती आणि उघडी होती. सिंधूताईंचे हात कणकेत असावेत, कारण फोन मोठ्या आवाजात लागला.

"आई, माझा पुतळा का टाकलास?"

"तू खोटं का बोललीस?"

"खोटं? अगं, कपड्यांची बक्षिसं आदल्या आठवड्यात देतात. वेगळ्या कार्यक्रमात. टीव्हीवर दिसतो तो नटांचा! आम्ही हरलो, आई. तू म्हणाली होतीस सांगू नकोस. मग हरल्याचं कसं सांगू?"

"हरलीस?" सिंधूताईंचा आवाज फाटला. "खरंच हरलीस? म्हणजे तुझं नाव होतं?"

"होतं ना. चुकीचं उच्चारलं, पण होतं."

वरून रडणे ऐकू आले की हसणे, ते मला कळले नाही. कारण तेवढ्यात गाडी आली. दोन माणसांनी चिठ्ठी तपासली, अदबीने मला आडवे केले आणि लोखंड वेगळे करायचे म्हणून दांडा उपटून गाडीत टाकला. मागचे पाते फिरले. माझा पाय माझ्यासमोर वाकला आणि मोडला. आता पाळी माझी. ज्या क्षणी त्या घरात मी पुन्हा हवासा झालो, त्याच क्षणी मी संपत होतो.

"सुमिमासेन! सुमिमासेन!" म्हणजे "माफ करा, थांबा!" असे ओरडत, कणकेचे हात वर करून, एका पायात सपात घालून सिंधूताई धावत येत होत्या. त्या माणसाने चिठ्ठीवरचे नाव विचारले. त्यांनी स्वतःचे नाव सांगितले. त्याने वाकून माफी मागितली आणि मला त्यांच्या हातांत दिले.

आता मला पायही नाही. सुरेशरावांच्या खुर्चीत मला बसवले आहे आणि थंडी वाजू नये म्हणून जाकीट घातले आहे. चिठ्ठी सोलून निघाली नाही. अर्धी तारीख तशीच राहिली. दर रविवारी सिंधूताई फोन माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, "काय काय शिवलंस?"

मित्रांनो, जुनी वस्तू टाकायची असेल तर जरूर टाका. जागा सगळ्यांनाच कमी पडते. फक्त चिठ्ठी चिकटवण्याआधी, ती जिची होती तिला एक फोन करा. माझ्या बाबतीत तो थोडा उशिरा गेला. एका पायाइतका.