दिवस बुडायच्या आधी

"अवो, दिवस बुडाया लागलाय! ताट गार झालं की! त्या फोनात काय पुरून ठेवलंय काय तुमचं?" अक्काताई जिन्यातून ओरडल्या.

"आलो की," शांतिनाथ म्हणाले, पण गच्चीवरून हलले नाहीत. तिकडं काबूलात सरकार बदललं तेव्हापासून बंद असलेला रहीमदादचा फोन आज वाजत होता. उचलत मात्र कुणी नव्हतं.

भारताच्या मदतीतून काबूलकडे विजेची लाइन जात होती, तेव्हा शांतिनाथ तिथं तारा ओढायला गेले होते. रहीमदाद त्यांचा पहारेकरी. जमिनीत सुरुंग पेरलेले. तो बंदूक घेऊन पुढं चालायचा आणि त्याच्या पावलावर पाऊल ठेवत शांतिनाथ. पहिल्याच संध्याकाळी त्यानं पाहुण्यासाठी गरम नान आणले, तेही अंधार पडल्यावर. शांतिनाथांनी हात जोडले. तो रागावून निघून गेला. हा माणूस जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कळल्यावर मात्र उन्हं उतरली की तो विजेच्या मनोऱ्याखालून रोज हाक मारायचा, "शांतीभाई, सूरज जाता है, खा लो!" रमजानात तर स्वतः दिवसभर उपाशी राहून समोर बसायचा. यांचं जेवण आटोपायचं, मग त्याचा रोजा सुटायचा. दोघं एका वेळी कधीच जेवले नाहीत. पण तसं सोबतीचं जेवण शांतिनाथांना पुन्हा मिळालं नाही.

परदेशी लोकांसाठी राबलेल्यांना तिथं शोधून काढतात म्हणे, असं त्यांचा मुलगा जिनेंद्र एकदा बोलून गेला होता. त्यानंतर शांतिनाथांनी कुणाला काही विचारलं नाही.

आताही रमजानच चालू होता. अखेर फोन उचलला गेला. आवाज तरुण, परका.

"कौन रहीमदाद? ये सिम तो मैंने बाजार से लिया है, चाचा."

शांतिनाथांनी विचारलं, "वहाँ... लाइट है क्या?"

"अभी है. आती है, जाती है. आप कौन?"

"मैं? लाइनवाला."

पोरगा मोकळेपणानं हसला. "अजान होनेवाली है, चाचा. सब बैठे हैं."

"खाओ बेटा, खाओ."

त्यानं फोन खाली ठेवला, पण बंद करायला विसरला. अजान झाली. भांडी वाजली, कुणीतरी पाणी ओतलं, कुणी म्हातारं खोकलं. शांतिनाथ कानाला फोन लावून ऐकत राहिले.

अक्काताई तरातरा वर आल्या, नवऱ्याच्या तोंडाकडं बघून थबकल्या. मग आवाज न करता खाली गेल्या आणि मोठ्यानं चालू असलेला टीव्ही बंद केला.