सहीच्या आधीचा प्रश्न

मी एक जुना क्लिपबोर्ड आहे. परीक्षेला तुम्ही जो पॅड नेता, त्याचाच थोरला भाऊ. फरक इतकाच की तुमच्या पॅडची क्लिप सहामाहीपर्यंतच ढिली होते, आणि माझी चाळीस वर्षांनंतरही बोटाला चिमटा काढते. मित्रांनो, मी जरा बढाईखोर आहे, हे आधीच कबूल करतो. पण माझ्या हकीकतीत एक मोठी चूकही आहे आणि तीही मी लपवणार नाही.

दुर्गच्या एका लहानशा कारखान्यात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कडक पुठ्ठ्यातून मला कापले. वर पोलादी क्लिप ठोकली आणि माझी रवानगी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये झाली. तिथे मी टिकाराम मेश्राम यांच्या हाती पडलो. ते गॅस सेफ्टीत होते. भट्टीच्या गॅसला रंग नसतो, वास नसतो, आणि माणूस आडवा होईपर्यंत त्याला काही कळत नाही. म्हणून गॅसच्या पाइपला हात लावण्याआधी परमिट नावाचा कागद भरावा लागे. त्यात कामातले सगळे धोके लिहिलेले असत. तो कागद माझ्यावर लागे, आणि माझ्यावर सही झाल्याशिवाय आमच्या सेक्शनमध्ये पाइप उघडायची कोणाची छाती नव्हती.

टिकारामांची एक रीत होती. ते परमिट ओळीओळीने मोठ्याने वाचत आणि मग सही करणाऱ्याला म्हणत, "काय समजलं थे सांग बरं." नुसते "समजलं साहेब" म्हणून कोणाची सुटका होत नसे. आपल्या शब्दांत सगळे परत सांगावे लागे.

एकदा देवीदास नावाच्या वेल्डरला फार घाई होती. त्याचे डोळे नुसते सहीच्या जागेवर. टिकारामांनी त्याला चार वेळा विचारले. वरचा अधिकारी घड्याळ दाखवून चिडला, तरी मी जागचा हललो नाही, कारण टिकारामांनी मला काखेत घट्ट धरले होते. चौथ्या वेळी देवीदास सांगता सांगता मध्येच थांबला. "साहेब, व्हॉल्व्ह तं बंद हाय, पन गॅस अडवाले पाइपात आडवी चकती टाकली का?" टाकली नव्हती! त्या दिवशी पाइप उघडला असता तर देवीदास घरी गेला नसता. सेफ्टी वीकमध्ये टिकारामांना ढाल मिळाली. फोटोत ढालीशेजारी मीही आहे, अगदी ठळक.

पुढे टिकाराम निवृत्त झाले आणि मला हुडको वसाहतीतल्या घरी घेऊन आले. तिथे माझे काय व्हावे? मी दुधाच्या पातेल्यावर झाकण झालो. त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई मला धुऊन उन्हात ठेवत, तेव्हा माझ्या कडा फुगत. फोटोतला मी आणि पातेल्यावरचा मी, दोघांची ओळख पटली नसती.

मग एके वर्षी सत्यशीलाबाईंना स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन करून एका बाजूचा स्तन काढावा लागला. त्या वाचल्या, पण एरवी विहारात वंदनेला सर्वांत पुढे उभ्या राहणाऱ्या बाई भिंतीशी बसू लागल्या. पदर सारखा ओढत राहायच्या. वर्षभराने एका खाजगी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की सिलिकॉनचे इम्प्लांट बसवता येईल, छाती पूर्वीसारखी दिसेल. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन गोडाचा शिरा केला.

रिपोर्ट धरायला म्हणून टिकारामांनी मला धुऊनपुसून बरोबर नेले. मला किती आनंद झाला! पुन्हा काम, पुन्हा कागद. काउंटरवरच्या बाईने पाच पानांचा इंग्रजी फॉर्म माझ्याच क्लिपमध्ये अडकवला आणि बोटाने जागा दाखवली. सत्यशीलाबाईंनी एवढेच विचारले, "हे कायमचं हाय न?"

"हां हां आंटी, टेन्शन मत लो. यहाँ साइन कर दो."

त्यांनी टिकारामांकडे पाहिले. आणि टिकाराम काय म्हणाले? "डॉक्टर मोठे हायेत. कर सही." दोन मिनिटांत पाच सह्या झाल्या. तेहतीस वर्षे ज्यांनी कोणाला न समजता सही करू दिली नाही, ते त्या दिवशी पेनचे टोपण हातात धरून उभे होते. आणि मी? मी सह्यांखाली निमूट पाठ धरली. हीच ती चूक, मित्रांनो.

पाच वर्षे बरी गेली. बाई पुन्हा वंदनेला पुढे उभ्या राहू लागल्या. मग छाती एका बाजूला दगडासारखी कडक झाली, हात उचलवेना. तपासणीत कळले की इम्प्लांट आतल्या आत फुटले आहे. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "हे जन्मभर टिकत नाही. भोवतालचा भाग कडक होऊ शकतो. ते फुटलं तरी बाहेरून कळत नाही, म्हणून ठरावीक वर्षांनी तपासणी करावी लागते. क्वचित एका वेगळ्या प्रकारचा कॅन्सरही होऊ शकतो. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

घरी आल्यावर त्यांची मुलगी अपेक्षा हिने जुना फॉर्म शोधून वाचला. तिसऱ्या पानावर सगळे लिहिलेले होते. खाली आईची सही.

"पर आई, तूने तो साइन किया है," ती हळूच म्हणाली.

सत्यशीलाबाई रागावल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "देवीदासले तुमी चार वेळा इचारलं. मले कावून एकदा बी नाई इचारलं?"

दोन दिवस टिकाराम नीट जेवले नाहीत. मीही पातेल्यावर पडून तेच वाक्य ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उचलले, फुगलेल्या कडा घासून काढल्या आणि कोरा कागद लावला. "परमिट बनवून राहिलो," ते म्हणाले. डॉक्टरीण बाईंना विचारून विचारून एकेक धोका मराठीत आणि हिंदीत लिहिला. प्रत्येक ओळीपुढे सहीची वेगळी जागा. अपेक्षाने मोबाइलवर शोधले तेव्हा कळले की अमेरिकेत इम्प्लांटच्या आधी अशी यादी रुग्णाला द्यावीच लागते. "बाबा, वहाँ ये रूल है. मग आपल्याकडं का नाही?"

फुटलेले इम्प्लांट काढण्याच्या ऑपरेशनआधी तीच यादी माझ्यावर लागली. आता सत्यशीलाबाईंना ठरवायचे होते की जुने काढून नवे बसवायचे की नुसते काढून टाकायचे. डॉक्टरीण बाईंनी दोन्हींचे धोके वाचून दाखवले. सत्यशीलाबाईंनी बोटांवर मोजत सगळे परत सांगितले, एकही ओळ न गाळता. मग नवऱ्याकडे वळल्या. "आता तुमी सांगा. काय समजलं?"

टिकाराम गडबडले! तपासणीची ओळ विसरले.

"डॉक्टर, यायले पुन्हा वाचून दाखवा," बाई म्हणाल्या. दुसऱ्या वेळी टिकारामांनी सगळे सांगितले. "मले नवीन नोको," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि इतक्या जोराने सही केली की ती कागदातून माझ्या अंगावर उमटली. ती अजूनही आहे. ढालीच्या फोटोपेक्षा मला तिचा जास्त अभिमान वाटतो.

बऱ्या झाल्यावर त्या विहारात पुन्हा पुढेच उभ्या राहिल्या, पदर न ओढता. आणि मग बाई, टिकाराम आणि मी असे तिघे कामाला लागलो. इम्प्लांटचे धोके रुग्णाला तिच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय आणि विचार करायला सात दिवस दिल्याशिवाय सही घेता येऊ नये, असा कायदा राज्यात करावा, अशा मागणीचा अर्ज लिहिला. हुडको झाले, दुर्गचे पद्मनाभपुर झाले. घरोघरी बायका म्हणत, "दे न बाई, कुठं सही करू?" शेजारच्या पंचफुलाबाईंनी तर पेन उघडलेसुद्धा होते. सत्यशीलाबाईंनी मला मागे ओढले. "आधी आयक. मंग सांग, काय समजलं." त्या दिवशी फक्त अकरा सह्या झाल्या. पण त्या अकराजणींपैकी एकीलाही कोणी फसवू शकणार नाही.

शेवटी आम्ही आमदारांकडे गेलो. ते कामात होते, पण भले होते. त्यांनी अर्ज पाहून लगेच पेन काढले. "बढ़िया काम है माताजी. लाइए, समर्थन में साइन कर देता हूँ."

मी त्यांच्या हातात जाणार, तेवढ्यात सत्यशीलाबाईंनी मला छातीशी धरले. "नाई साहेब. पहले सुन लीजिए. फिर बताइए, क्या समझे."

आमदार हसून खुर्चीवर बसले आणि अर्धा तास ऐकत राहिले. परत सांगताना एक ओळ विसरले, ती त्यांनी पुन्हा ऐकली. तेव्हा कुठे सही झाली. पुढच्या अधिवेशनात विधेयक मांडतो, असे ते म्हणाले. त्याचा कायदा होईल का? होईल, असे मला वाटते. मी सेफ्टीतला आहे, मी धीर सोडत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्या आईपुढे किंवा तुमच्यापुढे कोणी कागद ठेवील आणि बोटाने सहीची जागा दाखवील. तेव्हा त्या बोटाकडे पाहू नका, कागदाकडे पाहा. नाही समजले तर लाजू नका, चार वेळा विचारा. आणि तुमचे माणूस सही करत असेल तर टोपण धरून नुसते उभे राहू नका, तोच प्रश्न त्याला प्रेमाने विचारा. टिकाराम आता घरात प्रत्येक कागदाच्या वेळी "काय समजलं?" विचारतात. आणि दुधाच्या पातेल्यावर दुसरे झाकण आले आहे.