रुमालाखालचं मीठ

मानवजातीची आजवरची सगळी प्रगती एका वाक्यावर उभी आहे: ‘काहीही फरक पडलेला नाही असं धरून चला, आणि मग पुरावा काय म्हणतो ते बघा.’ हे थोर वाक्य माझ्या कानावर पडलं तेव्हा मी नौबादला, शेजारच्या रामकिशनच्या स्वयंपाकघरात, अळणी वरणाचा घास खाली उतरेना म्हणून पाण्याचा तांब्या शोधत होतो.

वाक्य त्याच्या मुलीचं, विजयश्रीचं. ती कलबुर्गीहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. बंगळुरूच्या एका औषध कंपनीनं तिला नोकरी दिली होती. एक तारखेला हजर व्हायचं आणि पहिल्याच दिवशी लेखी परीक्षा, म्हणून ती दिसेल त्या गोष्टीवर चाचणीचा सराव करायची. भिंतीपलीकडं राहणारी शांतम्मा लिटरभर म्हणून घालते ते दूध सरासरी लिटरभर भरतं, ही तिची पहिली शून्य परिकल्पना. म्हणजे ‘सगळं ठीक आहे’ असं आधी मानायचं. आठवडाभर मापून तिनं ती परिकल्पना नाकारली. मग शांतम्मानं दूध घालणं नाकारलं.

दुसरी परिकल्पना बापावर.

राजूबाई, म्हणजे विजयश्रीची आई, श्रावणात गेली. सुतकात शेजारून अळणी जेवण यायचं, रीतच आहे. दिवस झाले, गोड जेवण झालं, सगळ्यांच्या ताटात मीठ परत आलं. राजूबाईची चप्पल दाराशी होती तिथंच राहिली. तिला वळसा घालून सगळे आत-बाहेर करत. रडणं कधीच थांबलं होतं. खरं तर नीट सुरूच झालं नव्हतं. एक दिवस विजयश्री वरणात मीठ घालायला विसरली. रामकिशन सगळं जेवला, हात धुऊन म्हणाला, “बेस झालंय.” दुसऱ्या दिवशी तिनं मीठ घातलं. “बेस झालंय.” तिसऱ्या दिवशी दुप्पट घातलं. मी एक घास खाऊन घरी पळालो. हा म्हणाला, “बेस झालंय.”

“काका, अप्पाला चवच कळंना गेलीय,” ती मला म्हणाली. “असं असंल तर मी कशी जाऊ? कुणी इख घातलं तरी बेस म्हणतील.”

“अगं, त्याच्या तोंडावरून कधी काय कळलंय?” मी म्हणालो.

हे खरं होतं. रामकिशननं जन्मभर तुरीचा व्यापार केला. व्यापाऱ्यानं माल चांगला म्हटलं की भाव चढतो आणि वाईट म्हटलं की शेतकरी उठून जातो. म्हणून मालाबद्दल मोठ्यानं बोलायचं नाही. जुन्या अडतीत दोघं जण हातावर रुमाल टाकून बसायचे आणि खरा भाव रुमालाखाली बोटं दाबून सांगायचे. वर तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा. आता सगळं कॉम्प्युटरवर गेलं, पण याचं तोंड तसंच राहिलं. लग्नानंतर राजूबाईनं पहिल्यांदा पुरणपोळी केली तेव्हाही हा म्हणे तिला “बेस” म्हणाला आणि मग रुमालाखाली तिची पाची बोटं दाबली, म्हणजे सगळ्यात चढा भाव. हे तिनंच सांगितलं होतं, चारचौघांत, त्याला लाजवायला.

विजयश्रीनं हेच उचललं. “अप्पा, माझ्या परीक्षेचा सराव हाय. मी रोज नाणं उडवून ठरवणार, वरणात मीठ घालायचं का न्हाई. तुम्ही तोंडानं कायबी बोलू नका. रुमालाखाली काकांचं बोट दाबा. एक बोट म्हणजे मीठ हाय, दोन म्हणजे अळणी.”

“माझ्या जिभेवर पास होणारैस व्हय?” रामकिशन म्हणाला. “बस बस. कर.”

नाणं काय पडलं ते फक्त तिला माहीत. मी रुमालवाला. तिनं मला समजावलं: याला काहीच कळत नाही, हा नुसता अंदाज ठोकतो, असं आधी धरायचं. अंदाजानंही बारातली सहा उत्तरं बरोबर यायचीच. त्याहून फार जास्त आली, तरच कळतं म्हणायचं.

बारा जेवणं झाली. दहा उत्तरं बरोबर.

विजयश्रीनं गणित मांडलं, पुन्हा मांडलं. “नुसत्या अंदाजानं दहा किंवा जास्त यायची शक्यता शंभरात दोन, काका! अप्पाला कळतंय!” तिनं माळ्यावरची बॅग काढली. रामकिशननं बॅगेवरची धूळ पंच्यानं पुसून दिली. त्याच्या तोंडावर धूळ पुसणाऱ्या माणसाचे असतात तेवढेच भाव होते.

संध्याकाळी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला बसलो.

“अण्णा,” तो म्हणाला, “तुझी डावी मिशी.”

“काय झालं तिला?”

“अळणी असलं की वर जायलीय. चाळीस वर्षं लोकांची तोंडं वाचली मी. मधी दोनदा तुला सर्दी होती, तवा चुकलो.”

“आणि तुझी जीभ?”

“तिचं काय?” त्यानं असं विचारलं, जसं कुणी दुसऱ्याच्या दुकानाचा पत्ता विचारावा. “पोरीला सांगू नको. जाऊ दे तिला.”

मी कुणाला काही सांगणारा माणूस नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विजयश्री पुस्तक घेऊन माझ्या ओट्यावर आली. “काका, यात एक प्रश्न हाय. उत्तर देणाऱ्याला दुसरीकडून कळायची काही वाट होती का? तुम्ही रोज ताट घेऊन अप्पाच्या समोरच बसायचात की.”

“जेवायच्या वेळेला आलेल्या माणसाला रिकामं बसवतात का आपल्याकडं?”

“न्हाई बसवत. म्हणूनच तर माझ्या ध्यानात आलं न्हाई. अप्पा तुमच्याकडं बघून सांगायलेत का?”

मी “छे” म्हणालो. मिशी वर गेली. तिनं बघितली.

त्या दुपारी तिनं मला ताट दिलं नाही. भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि एक हात मागं घ्यायला लावला. भिंतीपलीकडून शांतम्मा ओरडली, “अगं विजू, माणसाला उपाशी कोपऱ्यात बसवायलीस? शाळा हाय का काय?” दूध बंद होतं, कान चालू होते.

हातावर रुमाल पडला. मागं रामकिशननं घास घेतल्याचा आवाज आला. मग चावल्याचा. मग काहीच नाही. त्याचा डावा हात माझ्या हाताशेजारी नुसता पडून होता, वजनाच्या काट्यावर कुणी ठेवून विसरल्यासारखा. एक बोट दाबलं नाही, दोन नाहीत.

“अप्पा?” विजयश्री म्हणाली.

“कळंना,” तो मोठ्यानं म्हणाला. मालाबद्दल मोठ्यानं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. “मीठ हाय का न्हाई, मला कळंना, बाई. तुझी आई गेली तवापासून कशालाच काय लागंना. दुखतबी न्हाई कुठं. तू हितं ऱ्हाऊन रोज मीठ घातलंस तरी मला कळायचं न्हाई. मग कशाला ऱ्हातीस?”

मी भिंतीवरचे चुन्याचे पोपडे बघत होतो.

“एका घासावरून काय सिद्ध होत न्हाई, अप्पा,” ती अखेर म्हणाली. आवाज परीक्षेच्या उत्तरासारखा सपाट. “मी रोज जेवणाच्या टायमाला फोन करीन. कसं लागलं ते सांगायचं. खरं सांगायचं. बेस म्हणायचं न्हाई, रुमाल न्हाई.”

“आन् रोजच कळंना म्हणालो तर?”

“तर रोज कळंना म्हणा. मी विचारीन.”

“व्हय,” तो म्हणाला. “मग जा.”

ती आत गेली. बॅगेच्या चेनचा आवाज आला. मधे कुठंतरी अडकली, परत मागं घेतली, मग लागली. नाणं त्या दिवशी काय पडलं होतं, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मी तसाच भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. रुमालाखाली पाची बोटं घट्ट दाबली गेली होती आणि मला वाटलं, झालं, आता याला काहीतरी आठवलं, आता हा बोलणार.

“नागनाथअण्णा,” मागून रामकिशन म्हणाला, “हात सोड की माझा. भाकर कडक हाय, एका हातानं मोडंना.”